बदामची राणी-गुलाम आणि परातीतले चिंचोके : चौघांच्या लिमिट पोकरमधला एक ड्रॉ

उदगीर तालुक्यातलं एक माळवदाचं घर, भाऊबीजेनंतरची दुपार. सोयाबीन निघालेलं, तूर अजून शेतात उभी, त्यामुळे घरातल्या पुरुषमाणसांना दोन-तीन तास मोकळे. ओसरीवर सतरंजी टाकलेली आणि मधोमध पितळी परात. चौघे खेळायला बसलेत: आजोबा, मामा, दाजी आणि आजोळी आलेला भाचा. खेळ लिमिट टेक्सास होल्डेम: प्रत्येकाला दोन झाकलेली पानं आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी, आधी एकदम तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). दर टप्प्याला चालींची एक फेरी, चालीची रक्कम ठरलेली, आणि शेवटी ज्याची पाच पानं भारी त्याची परात. पैशांऐवजी चिंचोके, प्रत्येकापुढे १०० मोजून ठेवलेले. पैसे लावले की गोष्ट १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात जाते, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे. हिशेब शिकायला चिंचोके पुरतात. फक्त एका ठिकाणी चिंचोके आणि पैसे यांत फरक पडतो, तो पुढे टर्नच्या वेळी येईल.

या डावात भाच्याने ड्रॉ (पुढच्या पानाची वाट पाहणारा अर्धवट हात) घेऊन जेवढे कॉल (समोरच्याच्या चालीएवढे भरणं) केले, त्यातला एकही कॉल हिशेबाने चुकीचा नव्हता. तरीही डाव चुकीचा खेळला गेला. चूक नेमकी कुठे झाली, ते पाहण्यासाठी हे प्रकरण मांडलं आहे.

नियम आणि बसण्याचा क्रम

ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांनी भरायचे सक्तीचे चिंचोके: लहान ब्लाइंड १, मोठा ब्लाइंड २. हातात दोन पानं आल्यावर आणि फ्लॉपनंतर प्रत्येक चाल २ ची. टर्न आणि रिव्हरला प्रत्येक चाल ४ ची. एका फेरीत एक चाल आणि तिच्यावर जास्तीत जास्त तीन वाढी. याहून जास्त टाकायची मुभा कुणालाच नाही, तीन एक्के जमले तरी नाही.

तीनपत्ती खेळून आलेल्यांना हे सुरुवातीला बांधून घातल्यासारखं वाटतं. लिमिटची सगळी गंमत याच बंधनात आहे. नो-लिमिटमध्ये समोरच्याला हुसकवायचं असेल तर मोठी रक्कम पुढे सरकवता येते. इथे ते जमत नाही. इथे कुणाकडून महाग भाव घ्यायचा असेल तर एकच मार्ग उरतो: त्याची पाळी येण्याआधी चाल वाढवायची आणि त्याला एकदम दोन चाली भरायला लावायच्या. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिल्या फेरीत दाजी सगळ्यात आधी बोलणार. बटण, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलण्याची जागा, भाच्याकडे. लहान ब्लाइंडवर आजोबा, मोठ्या ब्लाइंडवर मामा. फ्लॉपपासून पुढे बोलण्याचा क्रम आजोबा, मामा, दाजी, भाचा.

डाव जसा झाला

दाजींनी पानं टाकून दिली. भाच्याकडे बदामची राणी आणि बदामचा गुलाम. त्याने वाढवून ४ केले. आजोबांनी वरचे ३ टाकले, मामांनी वरचे २. परातीत १२.

फ्लॉप: बदाम नव्वी, किलवर छक्की, बदाम दुर्री.

आजोबांनी चेक केलं, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे दिली. मामांनी २ टाकले. भाच्याने परातीकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि २ टाकले. आजोबा म्हणाले, "दोनच तर टाकायचेत, बघू की पुढचं पान," आणि त्यांनीही २ टाकले. परातीत १८.

टर्न: इस्पिक चव्वी. आजोबा चेक, मामांचे ४. भाचा अडखळला, तेव्हा मामा म्हणाले, "टाकायलास का सोडायलास?" भाच्याने ४ टाकले. आजोबांनीही ४ टाकले. परातीत ३०.

रिव्हर: चौकट राजा. या वेळी आजोबांनीच आधी ४ टाकले, मामांनी कॉल केला, भाच्याने पानं खाली ठेवली. आजोबांनी किलवरचा राजा-गुलाम दाखवला. मामांकडे इस्पिकची नव्वी-अठ्ठी. राजाची जोडी नव्वीच्या जोडीवर भारी. ३८ चिंचोके आजोबांकडे गेले. भाच्याचे १० गेले, मामांचे १४.

भाच्याचं म्हणणं असं, की बदाम आला नाही, त्याला कोण काय करणार. मामांचं म्हणणं असं, की आजोबांनी राजा-गुलाम घेऊन तिथपर्यंत यायलाच नको होतं. दोघांचंही म्हणणं हिशेबाला धरून नाही.

भाच्याचे कॉल

फ्लॉपनंतर भाच्याला स्वतःची दोन आणि मांडलेली तीन अशी पाच पानं दिसतात. ४७ पानं उरतात, त्यात ९ बदाम. म्हणजे पुढच्याच पानाला बदाम येण्याचा भाव ३८ ला ९ (३८ पानं नकोशी, ९ हवीशी), साधारण ४.२ ला १. टर्न आणि रिव्हर दोन्ही धरले तर फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) बनण्याची शक्यता ३५ टक्के. मामांच्या चालीनंतर परातीत १४ होते आणि भाच्याला भरायचे होते २. परातीचा भाव ७ ला १, पान येण्याच्या ४.२ हून मोठा, म्हणजे भरपूर.

टर्नला ४६ पानं न दिसलेली, त्यात तेच ९ बदाम. भाव ४.१ ला १. परातीत २२, भरायचे ४, म्हणजे ५.५ ला १. हाही कॉल पक्का. रिव्हरला हातात नुसती राणी, बाकी काहीच नाही, पुढे चाल आणि तिच्यावर कॉल झालेला. तिथे पानं ठेवण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

यात फक्त बदाम मोजले आहेत. त्याच्या हातात आणखी काही होतं. मांडलेल्या पानांत सगळ्यात मोठी नव्वी, आणि राणी-गुलाम दोन्ही तिच्या वरची. समोर नव्वीची जोडी असेल तर राणी किंवा गुलाम आला तरी भाचा पुढे जातो. ज्या पानाने हात पुढे जातो त्याला आऊट म्हणतात. ९ बदाम, ३ राण्या, ३ गुलाम मिळून १५ आऊट. नुसत्या फ्लश ड्रॉच्या मानाने हा फार दणकट हात आहे. मामांच्या नव्वी-अठ्ठीसमोर एकट्याने, फक्त हे दोन हात धरून, उरलेल्या ४५ पानांच्या सगळ्या ९९० जोड्या मोजल्या तर भाचा ५३८ जोड्यांत जिंकतो. टक्केवारी ५४.३. म्हणजे फ्लॉपला जोडी मामांकडे होती, पण पुढे भाचाच होता. हे ध्यानात आलं नाही म्हणून तो ड्रॉ घेऊन भीत भीत खेळला.

आजोबांना मिळालेला भाव

आता सतरंजीच्या दुसऱ्या बाजूने पाहा. आजोबांकडे किलवरचा राजा-गुलाम. जोडी नाही, पण दोन्ही पानं नव्वीच्या वरची, आणि एक किलवर खाली पडलेलं. त्यांचे ६ आऊट: ३ राजे, ३ गुलाम. पुढच्याच पानाला त्यातलं एखादं येण्याचा भाव ४१ ला ६, म्हणजे ६.८ ला १.

भाच्याने नुसता कॉल केल्यावर परातीत १६ झाले. आजोबांनी भरायचे २. भाव ८ ला १. "दोनच तर टाकायचेत" हे त्यांनी सवयीने म्हटलं असेल, पण हिशेबाने ते बरोबर निघालं. टर्नला परातीत २६ आणि भरायचे ४, म्हणजे ६.५ ला १. तिथे त्यांना हवा होता ४० ला ६, म्हणजे ६.७ ला १. काठावरचा कॉल, आणि राजा आला तर रिव्हरला आणखी ४-८ मिळणार, हे धरलं तर चालण्यासारखा. त्यामुळे आजोबांनी यायला नको होतं हे मामांचं म्हणणं टिकत नाही. आजोबांना तो भाव भाच्यानेच दिला.

फ्लॉपला भाच्याने वाढवून ४ केले असते तर परातीत १२, मामांचे २ आणि भाच्याचे ४ मिळून १८ झाले असते. आजोबांना एकदम ४ भरायचे. भाव ४.५ ला १, आणि वर मामा पुन्हा वाढवतील ही टांगती तलवार. ६.८ हवा असताना ४.५ ला कुणी येत नाही, आणि आलाच तर तो स्वतःचं नुकसान करून येतो. भाच्याने हातात घेतलेल्या २ चिंचोक्यांऐवजी ४ टाकायचे होते. सगळ्या डावाची कळ इथे होती.

चौघांच्या खेळात हे जास्त बोचतं. नऊ जणांच्या टेबलावर परात आधीच भरलेली असते. तिथे पाच-सहा जण फ्लॉप पाहतात, फ्लश बनला की भरणारे बरेच असतात, म्हणून ड्रॉवाल्याला गर्दी हवीशी वाटते. चौघांत फ्लॉप दोघे-तिघेच पाहतात. बनलेल्या फ्लशला पैसे देणारा एखादाच असतो, आणि बऱ्याच डावांत शेवटी एका जोडीवर किंवा नुसत्या राजा-एक्क्यावर निकाल लागतो. म्हणून इथे ड्रॉची किंमत बदाम येण्यापेक्षाही राणी-गुलामच्या जोडीत आणि समोरच्याने सोडून देण्यात जास्त असते. तिसरा माणूस आत राहिला की दोन्हीला धक्का बसतो.

तिसऱ्या माणसाची किंमत

तिघांची पानं उघडी धरू. भाचा बदाम राणी-गुलाम, मामा इस्पिक नव्वी-अठ्ठी, आजोबा किलवर राजा-गुलाम. नऊ पानं ठाऊक झाली, ४३ उरली. टर्न आणि रिव्हरच्या ९०३ जोड्या होतात.

आजोबांनी पानं टाकली आणि फक्त मामा-भाचे उरले, तर भाचा ४८१ जोड्यांत जिंकतो, ५३.३ टक्के. आजोबा आत राहिले, तर ४०८ जोड्यांत, ४५.२ टक्के. आजोबांच्या असण्याने भाच्याच्या ७३ जिंकत्या जोड्या हातून जातात. त्यातल्या ५१ गुलामाच्या, म्हणजे ज्यात राणी नाही पण गुलाम येतो अशा. गुलाम आला की दोघांचीही गुलामाची जोडी होते आणि आजोबांचा राजा भाच्याच्या राणीवर बसतो. राणी आणि दश्शी आल्या तर आजोबांचा नव्वी ते राजा असा सिक्वेन्स होतो, त्यात ९ जोड्या गेल्या. राणी आणि राजा मिळून ६, किलवर राणी आणि दुसरं किलवर मिळून ६, आणि किलवरची दश्शी-अठ्ठी १.

म्हणून १५ आऊट मोजताना भाच्याने स्वतःला विचारायला हवं होतं: माझ्यानंतर बोलणाऱ्याच्या हातात गुलाम असेल तर यातले किती खरे? आजोबा आत असेपर्यंत गुलाम पूर्ण धरणं धोक्याचं. अनुभवी खेळाडू अशा वेळी १५ ऐवजी १२ धरतात आणि तिसरा बाहेर पडला की पुन्हा १५ वर येतात. हा अंदाज वाटतो तसा ढोबळ नाही. गुलामाचे ३ आऊट काढून टाकले की १२ च उरतात.

आता फ्लॉपच्या तीन वाटा. सोयीसाठी पुढे कुणीही चाल लावणार नाही, दोन पानं उघडून निकाल लागेल, असं धरू.

नुसता कॉल आणि आजोबांचा कॉल: परात १८, भाच्याचा वाटा (जिंकण्याच्या टक्केवारीइतका परातीचा भाग) ८.१३, त्यात त्याने भरलेले २ वजा. उरतात ६.१३. वाढवून ४ केले, आजोबा बाहेर, मामांचा कॉल: परात २०, वाटा १०.६५, वजा ४. उरतात ६.६५. वाढवून ४ केले, आणि आजोबा तरीही आले: परात २४, वाटा १०.८४, वजा ४. उरतात ६.८४.

हे आकडे नीट पाहा. आजोबा गेले तरी वाढ बरी आणि आले तरी बरी, कारण तिघांत ४५ टक्के वाटा असताना टाकलेल्या प्रत्येक २ मागे समोरून ४ येतात. फरक मात्र अर्ध्या-पाऊण चिंचोक्याचा आहे. लिमिटमध्ये असेच फरक असतात. एका डावात ते दिसत नाहीत. पोळा ते दिवाळी रोज बसलं तर दिसतात.

मामांनी पुन्हा वाढवून ६ केले असते तर? आजोबा नसताना परात २४ होते, भाच्याचा वाटा १२.७८, वजा ६, म्हणजे ६.७८. मामा नव्वीच्या जोडीवर कितीही जोर लावोत, भाच्याचं नुकसान नाही. मात्र हे मामांकडे एकच जोडी असेल तर. त्यांच्याकडे छक्क्यांची किंवा दुऱ्यांची तिकडी निघाली तर राणी-गुलामाचे आऊट बाद होतात, फक्त बदाम उरतात, आणि भाच्याचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास येतो. म्हणून मामांची ही दुसरी वाढ आल्यावर तिसरी करू नये. कॉल करून टर्न पाहावा. तिथेही परातीत २४ अधिक मामांचे ४ असतील, भाव ७ ला १, बदामांपुरता पुरेसा.

टर्न: फुकटचं पान घ्यायचं की चाल करायची

समजा भाच्याने फ्लॉपला वाढवलं, आजोबा गेले, मामांनी कॉल केला. परातीत २०. टर्न तीच, इस्पिक चव्वी. फ्लॉपला मागून वाढ आल्यावर बहुतेक जण टर्नला चेक करतात, मामाही करतील. आता भाच्यापुढे दोन वाटा.

तोही चेक करून रिव्हर फुकट पाहू शकतो. फ्लॉपला त्याने जास्तीचे २ टाकले आणि टर्नचे ४ वाचवले, असा हा जुना हिशेब. म्हणूनच बटणावर बसून ड्रॉ खेळणं आणि पहिल्यांदा बोलून ड्रॉ खेळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

किंवा तो ४ टाकू शकतो. मामांनी सोडलं तर २० आत्ताच हातात. सोडलं नाही तर बदाम, राणी, गुलाम आहेतच.

आकडे मांडू. आजोबांचा गुलाम बाजूला गेला आहे हे धरलं तर ४२ पानांत १४ आऊट, नेमका एक तृतीयांश. रिव्हरला पान लागलं तर भाचा ४ टाकेल आणि मामा कॉल करतील असं धरू. नाही लागलं तर भाचा सोडून देईल.

चेक केल्यास: २० अधिक रिव्हरचे ४, त्याचा तिसरा भाग, म्हणजे ८.

चाल केली आणि मामांनी कॉल केला: परात २८ अधिक ४, त्याचा तिसरा भाग १०.६७, वजा टाकलेले ४, म्हणजे ६.६७.

चाल केली आणि मामांनी सोडलं: २०.

म्हणजे मामा कधीच सोडत नसतील तर चाल करण्याचा तोटा १.३३ चिंचोके. आणि सोडतात तेव्हा नफा १२. दर १० वेळा १ दा जरी मामा सोडत असतील तरी दोन्ही वाटा सारख्या. त्याहून जास्त वेळा सोडत असतील तर चाल करणं बरं. राणी-गुलामाचे आऊट धरले नाहीत, फक्त ९ बदाम म्हणजे ढोबळ २० टक्के धरले, तरी ही मर्यादा १४ टक्क्यांच्या जवळच राहते. मामा कधी चेक करून पुन्हा वाढवतील, तेव्हा ती थोडी वर सरकते, पण फार नाही.

आता मामा किती वेळा सोडतील? हातात नव्वी-अठ्ठी असेल तर सोडणार नाहीत आणि सोडूही नये. पण मोठ्या ब्लाइंडवरून मामांनी फ्लॉपला २ टाकले, ते काही दरवेळी नव्वीवर नसतात. छक्की-पंजी असेल, तिर्रीची जोडी असेल, नुसता एक्का-अठ्ठी असेल. या हातांवर टर्नला ४ आले की बरीच माणसं सोडतात. तीनपत्तीत ब्लाइंड चाली सहन करणारा माणूस इथे महाग चालीला थांबून विचार करतो.

चिंचोके आणि पैसे यांतला फरक इथे येतो. चिंचोके जाण्याचं दुःख कुणाला नसतं, म्हणून चिंचोक्यांवर बसलेली माणसं जास्त कॉल करतात. ओसरीवरच्या या खेळात मामांनी दुपारभर एकही जोडी टर्नला सोडली नव्हती. अशा माणसापुढे टर्नला चेक करून फुकटचं पान घेणंच योग्य. तोच हात, तीच पानं, पण सोडणारा माणूस समोर असेल तर ४ टाकावेत. ड्रॉ कसा खेळायचा हे अर्धं पानांवर आणि अर्धं समोरच्या माणसावर ठरतं. हा अर्धा भाग मोजायला दुसरा उपाय नाही: कोण काय सोडतं हे पहिल्या तासात बारकाईने पाहून ठेवायचं.

रिव्हर: न लागलेला ड्रॉ

टर्नला ४ टाकले, मामांनी कॉल केला, परात २८, आणि रिव्हरला चौकट राजा. भाच्याकडे काहीच नाही. मामांनी चेक केलं. आता आणखी ४ टाकून मामांना घाबरवायचं का?

२८ जिंकण्यासाठी ४ लावायचे, म्हणजे ८ वेळांपैकी १ दा मामांनी सोडलं तरी फिटतं. राजा हे पान भाच्याच्या बाजूने बोलतं, कारण सुरुवातीला, फ्लॉपला आणि टर्नला त्यानेच जोर लावला होता. दुसरीकडे मामांना ३२ साठी ४ भरायचे, भाव ८ ला १. नव्वीची जोडी घेऊन ९ वेळांपैकी १ दा जरी जिंकणार असतील तरी त्यांनी कॉल करायचाच. जाणकार मामा सोडणार नाहीत. नुसतीच सवय म्हणून कॉल करणारे मामाही सोडणार नाहीत. घाबरून सोडणारा माणूस या दोघांच्या मधला असतो. तो ओळखता आला तरच ४ टाकावेत. या ओसरीवर ते वाया गेले असते.

यात एक बारीक गोष्ट सुटते. मामांकडेही न लागलेला ड्रॉ असू शकतो, समजा चौकटची अठ्ठी-सत्ती. तेव्हा भाच्याची राणी न बोलताच जिंकते. म्हणून रिव्हरला चेक करून पानं उघडण्यात कमीपणा मानू नये.

हेच ड्रॉ जरा कमी असते तर

राणी-गुलामाऐवजी बदामची चव्वी-तिर्री असती तर वरचे आऊट राहत नाहीत, ९ बदाम आणि सिक्वेन्स पुरा करणाऱ्या ३ पंज्या एवढेच राहतात, आणि कुणाकडे मोठे दोन बदाम असतील तर बदामही घात करतात. अशा हाताने फ्लॉपला आजोबांना बाहेर काढून फायदा नाही, कारण काढून वाचवायला जोडीचे आऊटच नाहीत. तिथे नुसता कॉल बरा, आणि आजोबा आले तर उलट चांगलंच. एकसारख्या रंगाची दोन पानं हातात आली म्हणून लहान पानांवर वाढ करत सुटणं ही चौघांच्या खेळातली नेहमीची चूक आहे. फ्लॉपला नेमका चार पानांचा फ्लश ड्रॉ लागतो तो १०.९ टक्के वेळा, म्हणजे नऊ डावांत एकदा. उरलेल्या आठ डावांत हातात चव्वी-तिर्रीच असते.

दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स ड्रॉ, ८ आऊट: फ्लॉपला पुढच्या पानाचा भाव ४.९ ला १, दोन्ही पानं धरून ३१.५ टक्के. दोघांच्या परातीतही हा कॉल बसतो. मधलं एकच पान हवं असलेला ड्रॉ, ४ आऊट: भाव १०.७५ ला १. दाजी आणि लहान ब्लाइंड दोघेही गेलेले, बटणावरून वाढ आणि मोठ्या ब्लाइंडचा कॉल, अशी परात ९ ची असते. तिथे समोरून २ आले तर ११ ला २, म्हणजे ५.५ ला १. निम्माच भाव. नऊ जणांच्या टेबलावरची सवय घेऊन आलेला माणूस इथे सगळ्यात जास्त गळतो. सोबत एक्का किंवा राजा वरचढ असेल तर एकदा कॉल करता येतो. नसेल तर पानं टाकावीत.

आणि भाचा बटणावर नसता, लहान ब्लाइंडवर असता तर? तेव्हा मामांच्या चालीवर भाच्याच्या आधी बटणावरचा माणूस बोलला असता. चेक करून, मामांनी टाकल्यावर वाढवणं तिथे उपयोगाचं नाही, कारण बटणावरच्याने मामांच्या २ वर आधीच कॉल केलेला असतो, आणि आत आलेला माणूस आणखी २ साठी क्वचितच जातो. त्या जागेवरून स्वतःच आधी चाल लावावी आणि मामांनी वाढवण्याची वाट पाहावी. मामांची वाढ बटणावरच्याला बाहेर काढते. काम तेच, फक्त दुसऱ्याच्या हातून.

घरी करून पाहायचा प्रयोग

याच पानांवर भाच्याने फ्लॉपला वाढवून टर्नला चेक केलं असतं तर त्याचे ८ गेले असते, प्रत्यक्षात गेले १०. टर्नला चाल केली असती आणि मामांनी सोडलं नसतं तर १२ गेले असते. राजा येणार हे ठरलेलंच होतं, तेव्हा या एका डावाच्या निकालावरून कुणीही काही ठरवू नये.

त्यापेक्षा कॅटमधून ही नऊ पानं काढून सतरंजीवर उघडी मांडा. उरलेली ४३ पिसून दोन-दोन पानं उघडत जा आणि प्रत्येक जोडीला वहीत दोन नोंदी करा: तिघांत कोण जिंकलं, आणि आजोबा नसते तर कोण जिंकलं असतं. एका वाटपात २१ जोड्या होतात आणि एक पान उरतं. पुन्हा पिसून असंच पाच वेळा केलं की १०५ जोड्या. त्यात सरासरी आठ-नऊ जागी तिघांच्या नोंदीत आजोबा आणि आजोबांशिवायच्या नोंदीत भाचा निघेल, म्हणजे भाच्याचा डाव आजोबांनी नेलेला असेल. त्या जागांवर बोट ठेवून पाहिलं तर बहुतेक ठिकाणी पडलेलं पान गुलाम असतं.